खरकट्याची बादली

"तिनेच पसंत केलं ना? स्वतःच्या तोंडाने सांगितलं ना, इथेच राहीन म्हणून? मग आता माझ्या डोक्यावर का मिरे वाटतोस?"

आत्या मशीन थांबवून कधी भांडत नाही. पाय चालू, सुई चालू, तोंड चालू. ती शाळेचे गणवेश शिवते. मी शाळा सोडलेला. म्हणजे तिच्या घरात पाय ठेवला की ती बोलायच्या आधी तो चड्ड्यांचा ढीगच मला टोमणे मारायला लागतो.

"तिने पसंत केलं नाही असं मी कुठे म्हणतोय?" मी ओरडलो. "आज तिला तिथून काढायचंय, एवढंच म्हणतोय. तू चल माझ्याबरोबर."

"का पण?"

"उपाशी आहे ती."

"उपाशी!" आत्याने दोरा दाताने तोडला. "म्हातारं माणूस आहे रे. खाल्लेलं लक्षात राहत नाही त्यांच्या."

"तुझ्या लग्नात कुणाच्या ताटात काय उरलं होतं ते आजीला अजून आठवतंय! आणि दुपारचं जेवण ती विसरेल?"

"हळू बोल, काडेपेटी. आत सासरे झोपलेत."

काडेपेटी म्हणजे मी. घरात सगळे तेच म्हणतात, मला आता त्याचा रागही येत नाही. राग दुसऱ्याच गोष्टीचा येत होता. मला अजून अठरा पूर्ण नाहीत. आजीला तिथे ठेवलं ते आत्याच्या नावावर, त्यामुळे आत्याने स्वतः येऊन "द्या माझी आई" म्हटल्याशिवाय ते लोक आजीला माझ्या हातात देणार नाहीत. नाहीतर मी आत्याचे पाय कशाला धरतोय? खुर्चीसकट उचलून आणली असती.

हे सगळं कसं झालं ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हालाही वाटेल की पोरगं उगाच पेटलंय.

घरात आम्ही दोघंच, आजी आणि मी. आई मी लहान असतानाच गेली. बाबा क्रेन चालवतात, लांब, जिथे काम निघेल तिथे. आजी कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकीण होती, अख्खी हयात तिथेच गेली तिची. आता मी त्याच कँटीनमध्ये भांडी घासतो. तिचा हुद्दा मोठा, माझा नळाखालचा.

आजी बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आली, पण एकटीने उभं राहता येईना. मी कामावर जाताना सगळं तिच्या हाताशी ठेवून जायचो. पाणी, गोळ्या, खालचं भांडं, फोन. एक दिवस परत आलो तर ती फरशीवर. गाल फरशीला टेकलेला. खाटेवरून घसरली होती, कधी ते तिलाच माहीत नव्हतं. फोन खाटेवर, ती खाली. कपडे ओले झाले होते, म्हणून तिने कशीतरी चादर ओढून अंगावर घेतली होती. माझ्यासमोर लाज वाटायला नको म्हणून.

आणि म्हणते काय? "आलास? जेवलास का?"

मी भिंतीवर डोकं आपटलं. खरंच आपटलं. तिला उचललं, धुतलं, कपडे बदलले, आणि वर तिलाच ओरडलो, "हाक मारायची ना कुणाला तरी!" ती म्हणाली, "सगळे कामावर असतात रे. भिंतींना मारू हाक?"

मग तीच म्हणाली, मला कुठेतरी ठेवा. आम्ही कुणीच ते बोलायला धजत नव्हतो. मी नाही, आत्या नाही, बाबा तर नाहीच नाहीत. शेवटी ज्या माणसाला जायचं होतं त्यानेच तोंड उघडलं.

आत्याचं म्हणणं, असं कुठेही नेऊन टाकायचं नाही. ज्यांची माणसं आत आहेत त्यांना विचारायचं. ते बरोबरच होतं. आमच्या आवाक्यातले दोनच वृद्धाश्रम होते. एकाला निळं गेट, म्हणून आम्ही त्याला निळं गेट म्हणायला लागलो. दुसऱ्या ठिकाणी टीव्हीचा आवाज कोपऱ्यापर्यंत यायचा, म्हणून ते टीव्हीवालं.

निळ्या गेटवाल्यांनी आपणहून नंबर दिले. आमच्या घरच्यांना विचारा, म्हणाले. आत्याने इस्त्रीच्या टेबलावर फोन ठेवून स्पीकर लावला. पोस्टातले एक काका म्हणाले, छान आहे. औषधाच्या दुकानातली एक बाई म्हणाली, छान आहे, अगदी स्वच्छ. एक शिक्षिका म्हणाली, "आमची आई तिथे इतकी रमली, इतकी रमली, की आम्हाला विसरलीच!" आणि हसली. जरा जास्तच वेळ हसली. मला तेव्हाही ते खटकलं होतं, पण म्हटलं शिक्षिका आहे, मला एकूणच त्या जमातीचं वावडं.

एकच माणूस वाईट बोलला, आणि त्याचा नंबर त्यांनी दिला नव्हता. तो मला गेटवर भेटला. गॅरेजवाला होता, हात कोपरापर्यंत काळे, काखेत पावाची पिशवी. वॉचमन त्याला सांगत होता, पिशवी आत न्यायची नाही, आणि तो वॉचमनच्या सात पिढ्या काढत होता. मला तो माणूस लगेच आवडला.

"तुझं कोण ठेवायचंय?" त्याने विचारलं.

"आजी."

"नको ठेवू. पोटभर देत नाहीत. माझी आई मला बघितल्यावर आधी विचारते, काय आणलंस? मी कसा आहे ते नंतर."

मी त्याचा नंबर घेतला आणि हे घरी येऊन सांगितलं. आत्या म्हणाली, असे कटकटे सगळीकडे असतात. बाबा फोनवर म्हणाले, "तीन जण चांगलं म्हणतायत, एक वाईट म्हणतोय. गणित सोपं आहे." मागे क्रेनचा भोंगा वाजत होता, त्यामुळे ते नेहमीच भांडल्यासारखे बोलतात. आणि आजी म्हणाली, "वयाने भूक कळत नाही रे. माझ्याकडे कँटीनमध्ये एक म्हातारा वॉचमन होता, दोनदा जेवायचा आणि तिसऱ्यांदा ताट घेऊन उभा."

टीव्हीवाल्यांकडचं मात्र उलटं. तिथे कुणी नंबर दिला नाही, गरजच नव्हती. आत गेलो तर माणसं इकडेतिकडे बसलेली, खाटांवर, जिन्यात, आणि सगळ्यांचं तोंड चालू. एक बाई म्हणाली, हा टीव्ही डोकं उठवतो. एक म्हणाला, आमच्या बाबांचा स्वेटर बघावा तेव्हा भलत्याच्याच अंगावर. तिसरी म्हणाली, इथली नर्स फटकळ आहे, मला म्हणाली तुम्हीच घाला ना आईला आंघोळ, हात मोडलेत का. आणि एक जण म्हणाला, आईचं वजन वाढलंय, गुडघ्यांना झेपत नाही, किती वेळा सांगितलं तरी वाढतच राहतात हे लोक.

आत्या बाहेर येऊन म्हणाली, "देवा रे! एकाच्या तोंडून चांगला शब्द नाही."

आता आजीचं ऐका. आजीचा लोकांच्या बोलण्यावर काडीचा विश्वास नव्हता. चांगल्यावर नाही, वाईटावरही नाही. कँटीनमध्ये तिची एक रीत होती. जेवणं झाली की ती मागच्या दाराशी जाऊन खरकट्याची बादली बघायची. "जेवण कसं झालं विचारलं की सगळे छानच म्हणतात," ती सांगायची. "मी डाव हातात घेऊन समोर उभी, कोण वाईट म्हणेल? बादलीला कुणाची भीड नसते." बादली जड झाली की तिचं तोंड उतरायचं. हलकी असली की ती दुपारभर गुणगुणायची. मोठमोठे साहेब कौतुक करून गेले तरी तिला फरक पडायचा नाही, बादली हलकी पाहिजे.

म्हणून ती म्हणाली, "मला पुढचं काही दाखवू नका. कुंड्या नको, खुर्च्या नको. जेवणं संपायच्या वेळेला न्या आणि मागच्या दाराला न्या."

आम्ही चाकाच्या खुर्चीतून तिला नेलं. आधी टीव्हीवाल्याकडे. मागे बादली होती, अर्धीअधिक भरलेली. अर्धे बटाटे, पावाचे तुकडे, भात, कुणी अंड्यातलं पिवळं खाऊन पांढरं टाकलेलं. तिथली स्वयंपाकीण दारातून ओरडली, "आजी, जेवणार का? गरम आहे!" आजीने नाक मुरडलं. "नको गं बाई, बघितलं मी." आणि मला हळूच म्हणाली, "चल. एवढं टाकतात म्हणजे गिळवत नसणार कुणाला."

मग निळं गेट. तिथली बादली मीसुद्धा वाकून बघितली. तळाशी चहाचा चोथा आणि अंड्यांची टरफलं. बस. बाजूला ताटांची चळत, घासायला ठेवलेली, आणि मी भांडीवाला आहे म्हणून सांगतो, ती ताटं घासल्यासारखीच दिसत होती.

आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "अख्ख्या आयुष्यात माझी बादली इतकी हलकी कधी गेली नाही," ती म्हणाली. "इथल्या स्वयंपाक्याला भेटायचंय मला. काय हात असेल रे त्याचा!"

तिथल्या मॅडम, अत्तराचा वास येणाऱ्या, गोड हसल्या. "आमच्याकडे अन्न वाया जात नाही, आजी."

निघताना दिवाणखान्यात एक आजोबा माझ्या हाताकडे बघत होते. चेहऱ्याकडे नाही, हाताकडे. मी हात खिशात घातला तर खिशाकडे बघायला लागले. मला वाटलं, नजर गेली असेल.

झालं. आजीने ठरवलं. आत्याने सुटकेचा निःश्वास टाकला, बाबा म्हणाले, बघा, गणित सोपं होतं. गॅरेजवाल्याचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. बादलीने त्याला खोटं पाडलं होतं ना.

निळ्या गेटला भेटायचं ते रविवारी, आणि तेही पुढच्या दिवाणखान्यात. खोलीत जायचं नाही, बाकीच्यांना त्रास होतो म्हणे. आपल्याला चहा देतात, बशीत बिस्किटं. आजीला खुर्चीतून आणतात, केस विंचरलेले, पावडर लावलेली. दर रविवारी मी विचारायचो, कसं आहे? दर रविवारी ती म्हणायची, छान आहे. मी माझी बिस्किटं खायचो नाही, ती खायची. मला वाटायचं, चला, तोंडाला चव आहे.

मग एकदा तिची अंगठी दिसली. आजोबांची अंगठी, तिच्या बोटात रुतून बसलेली. ऑपरेशनच्या वेळी साबण लावून काढता काढता नर्स रडकुंडीला आली होती. आता ती बोटात गोल फिरत होती आणि आजीने निघून पडू नये म्हणून तिला दोरा गुंडाळला होता.

"सूज उतरली," आजी म्हणाली.

हे मी आत्याला सांगितलं. आत्या म्हणाली, बरं झालं ना मग.

काल माझी पाळी लवकर सुटली. मी कँटीनमधून डबा भरून घेतला, भात आणि उकडलेली अंडी, आणि गॅरेजवाल्याला फोन केला. त्याने सांगितलं, मागच्या बाजूने जा, कपडे वाळत घालायला दार उघडं ठेवतात, चादरींच्या आडून सरळ आत. तसाच गेलो.

आजी खाटेवर होती. केस विंचरलेले नव्हते. मला बघून तिने आधी माझ्या हाताकडे बघितलं.

मी डबा उघडला. त्यानंतर जे बघितलं ते डोळ्यांपुढून हलत नाहीये. आजीने डाव्या हाताचं कुंपण केलं डब्याभोवती, असं, लहान पोरं पेपर लिहिताना करतात तसं, आणि खायला लागली. चमचा टाकून हाताने. बोलेना, वर बघेना. शेजारच्या खाटेवर एक बाई होती, आजीहून वाळलेली. ती उठून बसली आणि डब्याकडे बघायला लागली. आजीने तिच्याकडे पाठ फिरवली.

माझ्या आजीने. जिने अख्ख्या कारखान्याला वाढलं. शेवटचा माणूस उठल्याशिवाय जिने कधी तोंडात घास घातला नाही. तिने एका भुकेल्या बाईकडे पाठ फिरवली.

डबा संपत आल्यावर तिच्या ते लक्षात आलं असावं. हात थांबला. तिने मागे वळून बघितलं, मग डबा त्या बाईपुढे सरकवला. त्यात काही नव्हतं आता, चार शितं असतील. त्या बाईने बोटाने डबा पुसला, कोपरे पुसले, झाकणही पुसलं.

"आजी," मी म्हटलं, "पोटभर देतात ना इथे?"

"छान आहे."

"आजी!"

"ओरडू नकोस. कुणी येईल." तिने हात पदराला पुसले. "मीच पसंत केलंय ना. बादली बघून केलंय. आता तू काय करणार? घरी नेणार, आणि काम सोडून माझ्या उशाशी बसणार? शाळा घालवलीस, आता कामही घालव." मग माझा हात धरला. "उद्या येशील?"

मी हो म्हटलं आणि चादरींतून पळालो. रस्त्यावर एका डस्टबिनला लाथ घातली, अंगठा अजून ठणकतोय.

आज कामावर आलो, नळ सोडला, ताटं यायला लागली. आज कँटीनमध्ये सगळ्यांच्या आवडीचं होतं, माणसं दुसऱ्यांदा रांगेत उभी राहत होती. आणि तरीही प्रत्येक ताटात काहीतरी होतंच. पावाची कडा. मिरचीचं देठ. एक घास, जो आता नको म्हणून तसाच राहिलेला. लहान होतो तेव्हापासून ही ताटं बघतोय, पण आज पहिल्यांदा बघितली. पोट भरलं की माणूस काहीतरी ठेवतोच. अगदी अमृत वाढलं तरी कडेला थेंबभर ठेवेल. चाटूनपुसून ताट परत येत नाही. कधीच नाही. ते तसं कधी येतं, ते मी काल बघितलं होतं.

हात पाण्यातच राहिले. ती घासल्यासारखी ताटं आठवली. आजीचे भरून आलेले डोळे आठवले. बादली खोटं बोललीच नव्हती. बादली आणि गॅरेजवाला, दोघं एकच गोष्ट सांगत होते, आणि आम्ही त्यांना एकमेकांविरुद्ध उभं केलं.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी माणूस. आवाज सभ्य, घाबरलेला.

"निळ्या गेटवाल्यांनी तुमचा नंबर दिला. तुमच्या आजी तिथे अगदी खूश आहेत म्हणाले. माझ्या वडिलांना ठेवायचंय. उद्या न्यायचं म्हणतोय. कसं आहे हो?"

माझ्या जिभेवर काय आलं माहितीय? छान आहे. खरंच आलं. आणि तेव्हा मला कळलं ती शिक्षिका एवढा वेळ का हसत होती. वाईट आहे म्हटलं की समोरचा पुढचा प्रश्न विचारणार, मग तुमचं माणूस अजून तिथे कसं? त्या प्रश्नाला उत्तर नसतं, म्हणून सगळे छान म्हणतात.

"थोड्या वेळाने करा," मी म्हटलं आणि फोन कापला. एप्रन काढून फेकला. मुकादम मागून ओरडत होता, उद्यापासून येऊ नकोस. बघू. तिथून आधी टीव्हीवाल्याकडे पळालो. स्वयंपाकीण दारातच होती. खाट आहे, म्हणाली, एकच, उद्या सकाळी दुसरं कुणी येणार आहे तिच्यावर. आज आणलीत तर तुमची. तिथून धापा टाकत आत्याकडे.

आणि आत्या म्हणतेय, तिनेच पसंत केलं ना. मी तिला रिकाम्या खाटेचं सांगितलं.

"टीव्हीवाल्याकडे?" आत्या म्हणाली. मशीन चालूच. "ज्याला सगळे शिव्या घालतात तिथे?"

"शिव्या घालतात कारण त्यांना आत जाऊ देतात! ते खाटेपर्यंत जातात आत्या, त्यांना स्वेटर दिसतो, टीव्ही ऐकू येतो. आपल्याला काय दिसतं? बिस्किटांची बशी!"

"आवाज खाली!"

"तो म्हणाला होता आईचं वजन वाढलंय. ती तक्रार होती! आपण ती तक्रार म्हणून ऐकली!"

आत सासरे खोकले. आत्या थांबून ऐकत राहिली, खोकला थांबेपर्यंत, मग पुन्हा पाय मारायला लागली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालंय हे मला तेव्हाच दिसलं, पण मी रागात होतो.

"मला काय हौस आहे?" ती म्हणाली. "माझी आई आहे ती. पण परत हलवायचं, परत सगळं पहिल्यापासून, आणि तिथे नाही पटलं तर? मग कुठे, माझ्या या टेबलावर ठेवू? आत एक आहेच. तू एक दिवस गेलास, एक डबा दिलास, आणि तुला सगळं कळलं?"

"फोन कर. तूच विचार तिला."

"करते. आणि ती छान म्हणाली तर तू इथून निमूट जायचं."

मी फसलो. कारण ती छानच म्हणणार होती.

आत्याने स्पीकर लावला, त्याच इस्त्रीच्या टेबलावर. अत्तरवाल्या मॅडमनी उचलला. त्या म्हणाल्या, थांबा हं, आजींनाच देते. खुर्चीच्या चाकांचा आवाज आला. मग श्वासाचा.

"आई," आत्या म्हणाली, "कशी आहेस?"

"छान आहे गं."

आत्याने माझ्याकडे बघितलं. जिंकल्यासारखं बघायचं होतं तिला, पण जमलं नाही.

"जेवण वगैरे नीट?"

"छान आहे. अन्न वाया जात नाही इथे." मागून मॅडमचं हसू ऐकू आलं. "काडेपेटी आहे का गं तिथे?"

"आहे. पेटलाय."

"त्याला सांग, आज येशील तेव्हा..." आजी थांबली. आवाज इतका खाली गेला की आत्या टेबलावर वाकली. "डबा आणतो तो, तो छोटा आहे. मोठा आण म्हणावं. तुझ्याकडे आहे बघ, तुझ्या लग्नातला, झाकणाचा. तो दे त्याला. शेजारणीलाही लागतं."

"अहो आजी, डबा कशाला इथे!" मॅडमचा आवाज जवळ आला, आणि फोन बंद झाला.

मशीन थांबलं होतं. कधी थांबलं ते कळलंच नाही. आत्याचा पाय पॅडलवर तसाच, हात चड्डीवर, सुई कापडात.

"तिने आजवर माझ्याकडे मीठसुद्धा मागितलेलं नाही," आत्या म्हणाली.

मी मशीनचा दिवा बंद केला. 

ती उठली, अंगावरचे दोरे तसेच. शेजारच्या वहिनींचं दार वाजवून म्हणाली, माझ्या सासऱ्यांकडे लक्ष ठेवा जरा. परत आली, माळ्यावरून तो डबा खाली काढला, फुंकर मारली, बघितला, आणि तिथेच टेबलावर ठेवला. "कशाला हा," म्हणाली, "आता तिलाच आणतोय ना." मग पुन्हा उचलून काखेत घेतला. "असू दे. ती दुसरी बाई आहे तिथे." एक चप्पल सापडली, दुसरी सापडेना, तर मलाच ओरडली, "बघत काय बसलास, जा टॅक्सी थांबव!"

मी जिना उतरतोय आणि फोन वाजला. तोच माणूस. सभ्य, घाबरलेला.

"तुम्ही थोड्या वेळाने करायला सांगितलं होतं. म्हणजे मला फक्त एवढंच, की... वडिलांना उद्या न्यायचंय. कसं आहे तिथे?"

वरून आत्या एका पायात भलतीच चप्पल घालून उतरत होती, डबा जिन्याच्या कठड्यावर आपटत होता.

"आजीला आणायला चाललोय तिथून," मी म्हटलं. "ठेवतो. मला आत्ता निघायचंय."